लग्नाच्या जुन्या कॅसेटमधल्या आडव्या रेघा : सुरुवात कुठून करावी

हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, तो तुमच्या कॅसेटचा दोष नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम (पूर्ण चित्रं) आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, असतात. सम आणि विषम ओळींची ही फील्ड १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली असतात. संगणक ती एकत्र दाखवतो, म्हणून हलणारी गोष्ट फाटते.

आधी एवढंच सांभाळा:

- कॅप्चर, म्हणजे कॅसेट संगणकात उतरवणं, ७२० × ५७६ पिक्सेलमध्येच, इंटरलेस्ड (दोन्ही फील्ड तशीच) ठेवून करा. हफयूव्ही किंवा एफएफव्ही१ हे दर्जा न घटवणारे कोडेक (व्हिडिओ साठवायचे प्रकार) वापरा. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागेल. ही मूळ फाइल कधीही पुसू नका.
- फील्डचा क्रम तपासा. डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये खालचं फील्ड आधी असतं, ॲनालॉग कॅप्चर कार्डांत बहुधा वरचं. क्रम चुकला तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो.
- डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवून, सेकंदाला ५० फ्रेम घ्या. २५ घेतल्या तर निम्मी हालचाल गेलीच.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे आधी आकार बदलणं. उंची बदलली की दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात, मग कुठलाही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. म्हणून डीइंटरलेस आधी, बाकी सगळं नंतर.

साधन म्हणून हायब्रिड या व्हिडिओ प्रोग्राममधला क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेस करणारा फिल्टर निवडा. संथ आहे, पण दागिन्यांच्या आणि जरीच्या काठांवर फरक लगेच दिसतो. आधी २० सेकंदांचा नाचाचा तुकडा घेऊन बघा.