युरोचा भाव नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. मुलगी ऑक्टोबरपासून म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करायला निघाली आहे. फी सेमिस्टरला ६,००० युरो, अशी चार सेमिस्टर. शैक्षणिक कर्ज ३० लाख मंजूर झालंय, घरचे १८ लाख आहेत. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधी भरून ठेवायचे आणि मग दरमहा थोडेथोडे मिळणारे) ११,९०४ युरो आताच पाठवू की भाव उतरायची वाट बघू, असा त्यांचा प्रश्न. शेवटी जाता जाता लिहिलंय : "कर्जाच्या वेळी बँकेतल्या मॅडमनी सांगितलं म्हणून १८ पैकी ३ लाख युलिपमध्ये (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) भरले. दरवर्षी ३ लाख, दहा वर्षं. पाच वर्षांत दुप्पट होतील, त्यातून कर्ज फिटेल म्हणाल्या. पॉलिसी ११ दिवसांपूर्वी हातात आली. राहण्याखाण्याचं मुलगी पहिल्या महिन्यापासून पार्टटाइम करून भागवेलच."

भावाचं आधी उरकून टाकू. थांबू नका. १२,००० युरोवर भाव रुपयाने हलला तर फरक पडतो १२,००० रुपयांचा, आणि तो तुमच्या बाजूनेच हलेल असं कोणी सांगू शकत नाही. त्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी विचारा, 'सगळं धरून १२,००० युरोला खात्यातून किती रुपये जातील?' खरा फरक तिथे दिसतो. मधल्या बँका वाटेत शुल्क कापतात आणि रक्कम १५-२० युरोने कमी भरली तरी व्हिसाचं काम अडतं, म्हणून थोडे जास्त पाठवा. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांपुढे गेलात की टीसीएस लागतो, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ आयकर घेते. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते, तेव्हा निम्मे तुमच्या आणि निम्मे पत्नीच्या खात्यातून पाठवा. कर्जातून थेट जाणाऱ्या फीवर टीसीएस नाही.

आता न विचारलेलं. युरो १०० रुपये धरू.

दोन वर्षांची फी २४ लाख. म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधली खोली साधारण ७५० युरो, आरोग्य विमा १४५, किराणा २२०, प्रवासाचा पास, मोबाइल आणि किरकोळ धरून ६५. महिन्याला ११८० झाले. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला मिळणार ९९२. तो आकडा सरकारने व्हिसासाठी देशभर एकच ठरवलाय, म्युनिकचं घरभाडं बघून नाही. म्हणून खरा खर्च ११८० नेच धरू, दोन वर्षांचे २८ लाख. सुरुवातीची मांडामांड ३ लाख, व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे वगैरे २ लाख. एकूण ५७ लाख. हाताशी ४८. नऊ लाख कमी.

त्यात युलिप. आता गेलेले ३ आणि पुढच्या वर्षीचे ३ धरले की खड्डा १५ लाखांचा होतो.

मुलीच्या कमाईने किती भरेल? जर्मन येत नसेल तर पहिलं सेमिस्टर शून्यच धरा. वर्ग, कागदपत्रं आणि परीक्षा यातच ते जातं. पुढे मिनीजॉब (ठरावीक कमाल पगाराचं अर्धवेळ काम) मिळाला तर महिन्याला ६०० युरोच्या आसपास. परीक्षांचे महिने वगळून उरलेल्या दीड वर्षात ८-९ लाख. म्हणजे युलिप नसेल तर जेमतेम जुळतं. असेल तर नाही जुळत. शिवाय रेसिडेन्स परमिट वाढवताना पुढच्या मुदतीची सोय पुन्हा दाखवावी लागते, तेव्हा हा खड्डा लपत नाही.

आणि पाच वर्षांत दुप्पट? त्यासाठी वर्षाला जवळपास १५ टक्के सुटले पाहिजेत, तेही सगळे चार्जेस कापून आणि सगळे हप्ते पहिल्याच दिवशी भरल्यासारखे. पाच वर्षं पैसा अडकणार. कर्ज बहुतेक साडेदहा टक्क्यांच्या आसपास असेल. एकीकडे ते व्याज भरायचं आणि दुसरीकडे ३ लाख बाजाराच्या भरवशावर कोंडून ठेवायचे, हा सल्ला चुकीचा आहे. कर्जासाठी पॉलिसी घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही.

तुमचं नशीब एवढंच की अजून वेळ आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लुक म्हणतात. तुमचे १९ दिवस उरलेत. बँकेत जाऊ नका, विमा कंपनीच्या शाखेत जा. फ्री-लुकमध्ये रद्द करायचा अर्ज, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक, पॅन आणि आधारची प्रत द्या. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. "आठवडाभराने या" हे ऐकून घेऊ नका, त्यातच मुदत टळते. टाळाटाळ झाली तर कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' तक्रार पोर्टल. युनिट्सच्या त्या दिवसाच्या किमतीप्रमाणे, थोडा विमाखर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून पैसे परत येतील.

हे ३ लाख म्हणजेच मांडामांडीचे ३,००० युरो. पहिल्या दिवशी लागतं काय ते बघा. डिपॉझिट हीटिंग वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिपटीपर्यंत, म्हणजे १८०० सहज. पहिलं भाडं ७५०. गादी, पांघरूण, कुकर-भांडी २५०. विम्याचा पहिला हप्ता. ब्लॉक्ड अकाउंटचे पहिले ९९२ हातात पडतात ते तिथलं बँक खातं उघडल्यावर, आणि त्याला दोन-चार आठवडे जातात. डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे, मुलीला ते बोलून दाखवायला सांगा.

खोली ठरवताना एक प्रश्न लेखी विचारायचा : पत्ता नोंदवायला घरमालकाचा दाखला मिळेल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत नोंद करायची असते, आणि टॅक्स नंबर, परमिट सगळं त्या नोंदीवर अवलंबून. नाही म्हणाला तर ती खोली स्वस्त असली तरी सोडा. मालक 'परदेशात' आहे, आधी डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असं कोणी म्हटलं तर एक युरोही पाठवू नका. स्टुडंट हॉस्टेलच्या प्रतीक्षा यादीत मात्र आजच नाव घाला. तिथे नंबर लागला तर भाड्यातच महिन्याला ३०० युरो वाचतील.