आप्पा ऐकूनच घेत नाहीत!

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी उसाचं रान आहे, खालचा तुकडा क्षारपड व्हायला लागलाय. मी म्हणतो पाटपाणी बंद करून ड्रिप करू, आप्पा म्हणतात ड्रिपवर उसाचं वजन भरत नाही. मी व्हिडिओ दाखवतो, आकडे सांगतो, तर ते ताटावरनं उठून जातात. मुद्दा बरोबर असून भांडण का होतं?

उत्तर: मुद्दा बरोबर असेलही हो, पण तुम्ही त्यांना "का नको?" विचारताय, आणि का म्हटलं की माणूस कारणं शोधतो आणि आपल्या मताला तसाच धरून बसतो. त्यापेक्षा "कसं?" विचारा. २००२ मध्ये येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना विचारलं की झिप, कुलूप, शिलाई मशीन कसं चालतं हे तुम्हाला कितपत कळतं, सगळ्यांनी स्वतःला बरे मार्क दिले, मग म्हणाले आता टप्प्याटप्प्यानं लिहून दाखवा, तर लिहिताना अडखळले आणि आपले मार्क आपणच कमी केले. २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हेच सरकारी धोरणांवर करून पाहिलं, तेव्हा कारणं देणारे होते तिथंच राहिले आणि कसं चालतं ते सांगणारे जरा मवाळ झाले. (नंतरच्या अभ्यासात मवाळ होणं तितकं पक्कं दिसलं नाही, म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.)

पण आधी हा प्रश्न स्वतःला विचारा बरं का. ड्रिपनं क्षार कसे जाणार? जात नाहीत, पाणी जिथवर भिजवतं त्या कडेला साठतात, निचऱ्याची सोय नसेल तर खालचा तुकडा तसाच राहणार. हे व्हिडिओत सांगितलं होतं का? मला तर वाटतं आप्पांची खरी भीती वजनाची नाहीच, रात्रीची लाईट आणि ड्रिपचा खर्च ही असेल, पण तसं बोलून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटत असणार.

तर जेवताना विषय नको आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. बांधावर दोघंच असताना आधी त्यांचं म्हणणं तुम्ही सांगा, इतकं नीट की ते म्हणाले पाहिजेत "हां, हेच म्हणतोय मी". मग विचारा, आप्पा, पाटानं पाणी दिलं की खाली नेमकं काय होतं? परीक्षा घेतल्यासारखं नाही, खरंच ऐकायला म्हणून, कारण त्या रानाबद्दल तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. आणि माती परीक्षणाला नमुना पाठवायचाच आहे, तर तो कुठनं काढायचा हे आप्पांनाच ठरवू दे, रिपोर्ट पण त्यांच्याच हातात पडू दे.