आधी दोन दिवस ग्रुपवर काही लिहू नका

तुमचं सगळं वाचलं. आपल्या नाशिकच्या इंदिरानगरात मैदानावर दिवाळीत पाडवा पहाट केलीत, अडीचशेवर माणसं आली, गाणी रंगली. आणि दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर सुरू: चहा संपला, खुर्च्या कमी पडल्या, पावणेपाचला साउंड टेस्टिंगने झोपमोड केली, वर्गणीचं काय केलं. आता तुम्ही विचारताय, पुन्हा या फंदात पडावं का.

मी गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत बरीच वर्षं कोजागिरी करते. पहिल्याच वर्षी एका निवृत्त गृहस्थांनी खुर्च्यांवरून सुनावलं. "तुम्ही एक तरी उचललीत का?" असं मी चारचौघांत विचारलं. उत्तर बिनतोड होतं. पुढची तीन वर्षं त्यांच्या गल्लीतून एक रुपया वर्गणी आली नाही. खूप उशिरा कळलं की राग खुर्च्यांचा नव्हताच. जनरेटरचं डिझेल त्यांनी दिलं होतं आणि आभार मानताना मी नेमकं त्यांचं नाव गाळलं होतं. तुमची आभाराची यादी काढा आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलणारे त्यात आहेत का ते बघा.

आवाजाची तक्रार मात्र वेगळी ठेवा, कारण ती खरी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणासुदीला राज्य सरकार सूट देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस आणि तीही रात्री 10 ते 12 एवढीच. पहाटेला सूट नाही. सगळेच करतात, म्हणून कुणी बोलत नाही इतकंच. घरात तान्हं बाळ आहे असं ज्या बाईंनी लिहिलंय, त्यांच्याकडे स्वतः जाऊन या. फराळाचा डबा न्या, पण डब्याआड लपू नका; चुकलं म्हणा आणि पुढच्या वेळी माइक सहानंतरच लागेल असं सांगा. दिवाळीत आपल्याकडे सूर्य उगवायला साडेसहा वाजून जातात, सहाला सुरू केलंत तरी पहाटच असते. टेस्टिंग आदल्या संध्याकाळी उरका.

उरले टोमणे. 2021 च्या डिसेंबरात 94वं साहित्य संमेलन आडगावला झालं, तेव्हा "एवढ्या लांब कोण तडमडणार" असं मीही मैत्रिणींत म्हणाले होते. मग तिन्ही दिवस मीच गेले! तिथे एका सतरंजीचीही घडी मी घातलेली नाही, आणि आयोजकांवर माझा काडीचाही राग नव्हता. चहाबरोबर बोलायला विषय हवा होता. तुमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक याच जातकुळीचे असणार. चहा संपला असं लिहिणाऱ्याने बहुधा दोन कप घेतलेत.

त्यापेक्षा ज्या पोरांनी पहाटे तीनपासून सतरंज्या ओढल्या, त्यांना या रविवारी मिसळ खायला न्या. तो ग्रुप त्यांनीही वाचलाय आणि ती तुमच्याहून जास्त दुखावली असतील. तुमचं वय होतं ऐकून घ्यायचं, त्यांचं नाही. विषय निघेलच, निघू द्या. कोण कुणाला काय बोललं ते सगळं टेबलावर येऊ दे, मग पुढच्या वर्षी कोण सोबत आहे ते विचारा. पुन्हा करायचं की नाही हे तिथे ठरेल. ग्रुप वाचून ठरवू नका.

हिशेब मात्र दोन दिवसांनी लेखी टाकाच, कुणाला उत्तर म्हणून नव्हे, नुसता हिशेब. मंडप, साउंड, कलाकारांचं मानधन, चहा, फुलं, सगळं वेगवेगळं, आणि पावत्यांचे फोटो. कुणी किती वर्गणी दिली ते नावासकट टाकू नका, कमी देणारा दुखावतो. आणि शिल्लक किती, ती कुणाकडे आहे, हे शेवटच्या ओळीत लिहा. आमच्याकडे एकदा साडेसातशे रुपये उरले होते. ते लिहायचे राहिले आणि दोन कोजागिऱ्या त्यांच्यावरच बोलणं चाललं होतं.