कारखान्याच्या ऑफिसचा कारभार धड चालतो की नाही, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय : भोसरीत ३५ माणसांचा मशिनिंगचा कारखाना आहे, ऑफिसात तिघं आहेत, टॅली आणि एक्सेलवर काम चालतं. ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकणारे मागे लागलेत, पण आत्ताची व्यवस्था कितपत धड आहे हेच कळत नाही.

ते तीन-चार दिवसांत कळतं. फक्त सुरुवात "तुमची पद्धत काय?" असं ऑफिसातल्यांना विचारून करू नका. पद्धत जशी असायला हवी तशीच प्रत्येक जण सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. त्यापेक्षा कागद काढून बसा. गुरुवारी साप्ताहिक सुट्टीमुळे गेट बंद असतं, तो दिवस याला उत्तम. ज्याला बोलवाल त्याला बदली सुट्टी मात्र द्या.

मागच्या तीन महिन्यांतले खरेदीचे २० व्यवहार घ्या. १० गेट रजिस्टरमधून उचला आणि बिलापर्यंत पुढे जा. उरलेले १० टॅलीत चढलेल्या बिलांतून उचला आणि गेटपर्यंत मागे या. गेटकडून पुढे गेलं की माल आला पण बिल चढलंच नाही, असे व्यवहार सापडतात. बिलाकडून मागे आलं की बिल चढलं पण माल आल्याची नोंदच नाही, असे सापडतात. एकाच दिशेने तपासलं तर दुसऱ्या जातीची चूक कधीच दिसत नाही. आणि हे वीस तुम्ही स्वतः निवडा. क्लार्कला काढायला सांगितले तर नीटनेटकेच समोर येतील.

प्रत्येक व्यवहारापुढे पाच तारखा लिहा : माल गेटवर आला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला, बिल ऑफिसात पोचलं, टॅलीत चढलं, पैसे गेले. मग दोन तारखांमधले दिवस मोजा. सरासरी काढू नका, एखादं रखडलेलं बिल ती बिघडवतं. वीसांतला मधला आकडा आणि सगळ्यात वाईट आकडा बघा. बहुतेक वेळा दिसतं ते असं, की एन्ट्रीला पाच मिनिटं लागतात आणि बिल मात्र सहीसाठी आठ दिवस ट्रेमध्ये पडून असतं. तसं असेल तर नवं सॉफ्टवेअर ते आठ दिवस कमी करणार नाही. सही कोणाची, किती रकमेवर लागते आणि तो माणूस बाहेर असेल तर कोण करतं, हे ठरवावं लागेल.

या तारखांना पैशाचीही किंमत आहे. जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तुम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटचा (खरेदीवरच्या जीएसटीच्या वजावटीचा) तक्ता, १४ तारखेला तयार होतं आणि जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं असतं. तोवर बिल ट्रेमध्येच असेल तर ताळमेळ लागत नाही आणि क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. तसंच, पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर माल स्वीकारल्यापासून लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळून वर्षअखेरीस बाकी राहिलेली रक्कम आयकरात त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. अशा पुरवठादारांपुढे तुमच्या लेजरमध्ये खूण आहे का? नसेल तर आधी ती करा.

तारखांनंतर नग आणि वजन. समजा २० एमएम बारची पीओ (खरेदीची ऑर्डर) ५०० किलोची, मालासोबत आलेल्या चलनावर ५००, वजनकाट्याच्या चिठ्ठीवर ४८६, जीआरएनवर ५०० आणि बिलही ५००चं. किलोला ७० रुपये धरले तर ९८० रुपये आणि वर जीएसटी गेला. चिठ्ठी चलनाला व्यवस्थित पिन केलेली असते, कोणी काही लपवलेलं नसतं. स्टोअरवाल्यावर ओरडण्याआधी जीआरएनचा फॉर्म बघा. त्यात 'क्वांटिटी' असा एकच रकाना असेल, तर चलनावरचा आकडा उतरवला जाणारच. 'चलनाप्रमाणे', 'प्रत्यक्ष' आणि 'रिजेक्ट' असे तीन रकाने करा आणि पहिल्या दोहोंत फरक असेल तर डेबिट नोट (कमी आलेल्या मालाची रक्कम पुरवठादाराच्या खात्यातून वजा करणारा कागद) निघाल्याशिवाय बिल पुढे जाऊ देऊ नका.

तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त गळती जॉबवर्कमध्ये, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामात असते, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेल्या मालाची उघडी (माल पूर्ण परत न आलेली) चलनं जुन्यापासून नव्यापर्यंत लावा. कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच तो पुरवला असं जीएसटीत धरलं जातं आणि कर व्याजासह भरावा लागतो. जिग, फिक्श्चर, डाय या कामाच्या साधनांना ही मुदत नाही, पण ते कोणाकडे पडलेत याची यादी तरी हवीच. १००० नग गेले, ९८५ आले, तर १५ कुठे गेले हे चलनावर लिहिलेलं असावं. 'नंतर बघू' म्हणून सोडलेली अशी चलनं मोजा. तो आकडा तुमच्या व्यवस्थेबद्दल बाकी कशाहूनही जास्त सांगेल.

पगारासाठी सगळं मस्टर तपासायची गरज नाही, चार माणसं पुरतात : एक कायम, एक कंत्राटी, एक रात्रपाळीचा आणि एक नुकताच सोडून गेलेला. रात्रपाळीत हजेरीचा पंच मध्यरात्र ओलांडतो, त्यामुळे मशीनमध्ये शिफ्ट नीट बसवली नसेल तर हजर माणूस गैरहजर दिसतो आणि कोणीतरी हाताने दुरुस्ती करतं. ती दुरुस्ती कोण करतं आणि तिच्यावर सही असते का, ते बघा. ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दराने लागलाय का, तेही पडताळा. कंत्राटदाराच्या पीएफ चलनासोबत नावांची यादी मागा, नुसती रक्कम पाहून सोडू नका. त्याने भरलं नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते.

उरलेलं एका संध्याकाळचं काम आहे. जीएसटी आणि बँकेचे ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतात? सोडून गेलेल्या माणसाचा नंबर अजून लागलेला असणं अगदी सर्रास आढळतं. टॅलीत तिघेही एकाच लॉगिनने शिरतात का? कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, पण लॉगिन एकच असेल तर त्या नोंदीतून माणूस कळत नाही. बॅकअप आहे एवढं ऐकून थांबू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून दाखवायला सांगा.

आता ईआरपी. आधी आयटम मास्टर (सगळ्या वस्तूंची मूळ यादी) साफ करा. 'एम८ बोल्ट', '८ एमएम बोल्ट' आणि 'बोल्ट एम८×२५' ही एकाच वस्तूची तीन नावं असतील, तर नव्या सॉफ्टवेअरमध्येही त्यांचा साठा तीन जागी दिसेल. मग डेमोला येणाऱ्याला त्याची तयार उदाहरणं दाखवू देऊ नका. तुमच्या फायलीतले पाच अडचणीचे व्यवहार त्याच्यापुढे ठेवा : अर्धवट आलेली पीओ, वजनात कमी आलेला बार, जॉबवर्कहून कमी परत आलेले नग, ग्राहकाने मागच्या तारखेपासून बदललेला दर आणि त्याचं पूरक बिल, आणि रद्द केलेलं इन्व्हॉइस. हे पाचही त्याने तुमच्या क्लार्कच्या हातून, तुमच्यासमोर चढवून दाखवावेत. 'हे आम्ही कस्टमाइज करून देऊ' असं ज्याबद्दल म्हणेल, ते किती पैशांत आणि किती दिवसांत, हे कोटेशनवर लिहून घ्या.