बारीक मासळी आणि जाळ्याची आस

प्रश्न : खानापूरच्या बाजारात हल्ली बोटाएवढे बांगडे वाट्यावर स्वस्तात मिळतात. दुसरीकडे, ट्रॉलरवाले नको असलेली मासळी ढिगाने समुद्रात फेकून देतात, असे वाचनात येते. फेकण्यावरच बंदी घातली तर हा नाश थांबणार नाही का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर तेवढ्याने भागणार नाही, असे आमचे मत आहे. नॉर्वेने १९८७ पासून अशी बंदी आणली आणि युरोपीय संघाने ती २०१९ मध्ये पूर्णपणे लागू केली. पण तेथे प्रत्येक जातीचा कोटा ठरलेला असतो आणि बंदीपूर्वी कोट्याबाहेरची मासळी फेकली जात असे. आपल्याकडे असा कोटा नाही. अनेक दिवसांच्या फेरीवर गेलेला ट्रॉलर पहिल्या दिवसांतली हलकी मासळी बर्फ आणि जागा वाचवण्यासाठी टाकून देतो, शेवटच्या दिवसांतली मात्र बंदरात आणतो, कारण फिशमीलचे कारखाने ती विकत घेतात आणि तिची भुकटी कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात जाते. म्हणजे फेकणे थांबले तरी पिल्ले मरायची ती मरतातच, आणि वर त्यांना गिऱ्हाईकही मिळते.

खरा उपाय जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात आहे. नेहमीच्या जाळ्याची आस, म्हणजे विणीतले भोक, शंकरपाळ्यासारखी असते. जाळे ओढले आणि खोल्यात मासळीचे वजन पडले की ती ताणून मिटते, त्यामुळे कागदावर मोठी असलेली आसही पाण्यात पिल्लांना वाट देत नाही. तेच जाळे फिरवून आस चौकोनी बसवली तर ओढतानाही ती उघडी राहते. त्यासाठी ना नवे इंजिन लागते, ना नवी होडी. तरीही मच्छीमार कचरतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही : त्याच वाटेने बारीक कोळंबीही निसटते, आणि डिझेलचा खर्च पाहता एकट्याने असा तोटा सोसायला कोण तयार होईल? म्हणून नियम सर्वांना सारखाच हवा. कासवांसाठी जाळ्यात तिरक्या दांड्यांची चौकट आणि वर सुटण्याची वाट ठेवतात, पण तिने बारीक मासळी वाचत नाही.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते, आणि येथेच घोडे पेंड खाते. केरळने २०१५ पासून माशांची किमान लांबी ठरवण्यास सुरुवात केली (बांगडा १४ सेंटिमीटर, तारली १०), तर महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तशी मर्यादा घातली. पण बांगड्याचे थवे महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या पाण्यात फिरतात, तेव्हा एका बंदरात नाकारलेला माल शेजारच्या बंदरात उतरू शकत असेल, तर नियमाला अर्थ उरत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक मासेमारीबंदी मात्र या तिन्ही राज्यांत एकाच वेळी असते, आणि म्हणूनच ती बऱ्यापैकी पाळलीही जाते.

चोर्ला किंवा आंबोली घाट चढून आपल्याकडे येणारी मासळी पकडली तर केव्हाच गेलेली असते. तरी गिऱ्हाईक मिळाले नाही तर विक्रेता पुढच्या खेपेला तसा माल उचलताना विचार करतो. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची जी लांबी भरते, तिच्याहून बराच आखूड असलेला बांगडा घेऊ नये. मात्र हे माप सरसकट लावू नये : मांदेली पूर्ण वाढल्यावरही लहानखुरीच असते, ती खुशाल घ्यावी.