बॅकअप ‘यशस्वी’, फोल्डर रिकामा

वाचकांचे प्रश्न : क्लाउडमधलं काम आणि नोकऱ्या

गेल्या अंकात क्लाउडच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने घेऊन चालणाऱ्या कामाच्या, नोकऱ्यांविषयी प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं सारख्याच अडचणींची होती, म्हणून त्यातली पाच निवडली. उत्तरं लिहिण्याआधी मी माझ्यासोबत काम करणाऱ्या तिघांशी बोलले. एक नेटवर्क सांभाळतो, एक सुरक्षा बघते आणि एक जण फक्त क्लाउडची बिलं तपासतो. त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल तिथे तसं लिहिलं आहे. नव्या वाचकांसाठी माझ्याविषयी थोडं: 2007 साली महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये रातपाळीची ऑपरेटर म्हणून लागले. बॅकअपच्या टेपा बदलणं, मशीनचे दिवे बघणं, नोंदवहीत तापमान लिहिणं, असं काम होतं. पुढे सिस्टिम अ‍ॅडमिन झाले. गेली नऊ वर्षं क्लाउडवर काम करते आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते.

ताई, मी बदलापूरला राहतो. बीएस्सी आयटीचं शेवटचं वर्ष आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लाउडची दोन सर्टिफिकेशन्स केली, तरी दोन्ही मुलाखतींत पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. तिसऱ्या सर्टिफिकेशनची फी घरून मागू का?

आत्ता मागू नकोस. आमच्या सुरक्षावालीला हे पटत नाही. ती म्हणते, एचआरच्या चाळणीतून बायोडेटा पुढे सरकायला सर्टिफिकेट लागतंच. खरं आहे, पण तुझा बायोडेटा पुढे सरकलेला आहे. तू अडतोयस त्याच्या पुढे.

मी मुलाखतीत काय विचारते ते सांगते. रोज रात्री बाराला चालायचं एक काम होतं. ते क्लाउडवर नेलं आणि पहाटे साडेपाचला चालायला लागलं. कोड तोच, वेळही तीच लिहिलेली. काय झालं असेल? दोन-तीन सर्टिफिकेट असलेली मुलंही इथे गप्प होतात. क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर लावलेलं असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तिथे बारा वाजतात तेव्हा इथे पाच चाळीसची लोकल पकडायची तयारी चाललेली असते. उत्तर आलं नाही तरी चालेल. “आधी सर्व्हरचं घड्याळ बघेन, मग लॉगमधल्या, म्हणजे मशीनने स्वतः केलेल्या नोंदींतल्या, वेळा बघेन” एवढं कुणी म्हणालं तरी मी त्याला पुढच्या फेरीला पाठवते.

तुला हे येण्यासाठी काहीतरी स्वतः उभं करावं लागेल. तुमच्या सोसायटीच्या नोटिशींचं एक साधं पान कर. पाणी कधी येणार, सभा कधी, मेंटेनन्स कुणाचा बाकी (नावं नकोत, फक्त खोली क्रमांक, तेही पासवर्डच्या आत). आधी एका लिनक्स मशीनवर हाताने सगळं लाव. मग ते मशीन पुसून टाक आणि टेराफॉर्मने (मशीनं कशी हवीत ते फाइलमध्ये लिहून आपोआप उभं करणाऱ्या साधनाने) तेच पुन्हा उभं कर. पुन्हा पाड, पुन्हा उभं कर. तिसऱ्या वेळी जिथे अडशील ती जागा वहीत लिहून ठेव. मुलाखतीत बोलायला तुझ्याकडे तेच असेल.

खातं उघडलंस की सगळ्यात आधी बिलाची सूचना लाव. नीट लक्षात घे, ही सूचना फक्त कळवते, ती खर्च आपोआप थांबवत नाही. मशीन बंद केलं तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे पैसे चालूच राहतात. अ‍ॅमेझॉनवर 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्यालाही (इंटरनेटवरून मशीनपर्यंत पोचायच्या क्रमांकालाही) तासाचा दर लागतो. विद्यार्थ्यांचे पैसे या दोन गोष्टींतच नकळत जातात. आणि वडिलांचं क्रेडिट कार्ड लावणार असशील तर त्यांना आधी बसवून हे सांग.

इंग्रजीचं म्हणशील, तर एक गोष्ट कर. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अ‍ॅमेझॉनची एस3 ही साठवणुकीची सेवा व्हर्जिनियात काही तास कोलमडली होती. बिलिंगशी संबंधित एक दुरुस्ती चालू असताना एका कमांडमध्ये एक आकडा चुकला आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. कंपनीचं ‘सेवा सुरू आहे की बंद’ दाखवणारं पानसुद्धा त्याच सेवेवर टेकलेलं, त्यामुळे बिघाड झालाय हे त्या पानावर लावताही येईना. कंपनीने याचा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला, दोन-तीन पानांचा आहे. तो वाच आणि घरच्यांना मराठीत समजावून सांग. त्यांना कळला की मग इंग्रजीत मोठ्याने सांग, फोनवर रेकॉर्ड करून ऐक. मीही मराठी माध्यमाची. माझं अडायचं ते व्याकरणात कमी आणि काय सांगायचंय ते डोक्यात स्पष्ट नसल्यामुळे जास्त.

मॅडम, वय 46. गिरगावातल्या एका सहकारी बँकेत एकवीस वर्षं सर्व्हर रूम बघतो. आता संचालक मंडळाने सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलंय. सल्लागार कंपनीची पंचविशीतली मुलं येऊन माझ्याच खोलीत बसतात आणि मला प्रश्न विचारतात. माझं काम संपलं का?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकवीस वर्षं त्या खोलीत काढली, कुठल्या रॅकच्या मागची वायर ओढायची नाही हे तुम्हाला ठाऊक. आणि आता ती खोलीच जाणार.

आधी मला आलेला एक अनुभव सांगते. 2009 मध्ये मी ज्या कंपनीच्या सर्व्हरची रातपाळी करत होते, तिथे रोज पहाटे बॅकअपचा अहवाल यायचा. हिरव्या अक्षरात, यशस्वी. पाच महिने रोज यशस्वी. एका मंगळवारी डेटाबेस गेला आणि परत आणायला बसलो, तर टेपवर रिकामा फोल्डर. मधल्या काळात कुणीतरी डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवला होता आणि बॅकअपचा प्रोग्रॅम इमानेइतबारे रोज जुना, रिकामा फोल्डर उचलत होता. त्याच्या दृष्टीने काम यशस्वीच होतं. पाच महिन्यांच्या नोंदी लोकांनी कागदांवरून पुन्हा भरल्या. त्या रात्री माझ्या शेजारी जे वयस्क अ‍ॅडमिन उभे होते, ते एवढंच म्हणाले, “आपण घेतलेलं तपासलं, परत आणून कधी बघितलं नाही.”

क्लाउडवर हा प्रश्न सुटलेला नाही. तिथेही बॅकअपच्या खुणा हिरव्याच दिसतात. डेटा कुठल्या मशीनवर आहे ही काळजी क्लाउड कंपनी घेते. पण काय जपायचं, किती दिवस जपायचं, कुणाला बघू द्यायचं आणि परत येतं का हे तपासायचं, एवढं सगळं बँकेकडेच राहतं. ही माझी मनाची समजूत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याविषयी निर्देश काढले, ते 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले आणि त्यात क्लाउडसाठी वेगळं परिशिष्ट आहे. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हा त्याचा गाभा. मोठ्या नागरी सहकारी बँका त्यात येतात. तुमची बँक कुठल्या श्रेणीत बसते ते अनुपालन अधिकाऱ्यांना विचारा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2018 च्या आदेशानुसार पैशांच्या देवघेवीचा डेटा भारतातच साठवण्याचं बंधन आहे. म्हणजे सल्लागारांनी बॅकअपची दुसरी प्रत स्वस्त पडते म्हणून सिंगापूरला ठेवायचं सुचवलं, तर हात वर करणारं माणूस खोलीत हवं. ते तुम्ही व्हा.

आणि त्या मुलांना उत्तरं देताना आखडता हात घेऊ नका. आमचा नेटवर्कवाला 50 वर्षांचा आहे, तोही केबल ओढण्यापासून सुरुवात केलेला. त्याच्या अनुभवात, स्थलांतराच्या वेळी जो माणूस माहिती धरून ठेवतो त्याला सगळे टाळून पुढे जातात, आणि जो सांगतो त्याच्यावाचून सभा सुरू होत नाही. तुमच्याकडे अशी माहिती आहे जी कुठल्याच कागदावर नाही. 31 मार्चच्या रात्री कुठलं काम कशाच्या आधी चालवायचं, कुठल्या शाखेची लाइन पावसाळ्यात जाते, व्याजाचा हिशोब चालू असताना कुठला रिपोर्ट काढायचा नाही. हे सगळं स्वतःच्या नावाने लिहून काढा आणि मंडळासमोर ठेवा.

शिकायचं म्हणाल तर तीनच गोष्टी, सहा महिन्यांत. क्लाउडवर परवानग्या कशा देतात, नेटवर्क कसं आखतात आणि बॅकअप परत कसा आणतात. सबनेट, राउटिंग, फायरवॉल हे तुम्हाला येतंच, तिथे फक्त नावं आणि पडदे बदलतात. परवानग्यांचा भाग मात्र खरोखर नवा आहे, त्याला वेळ द्या. आणि दर तीन महिन्यांनी एक दिवस संपूर्ण रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत आणण्याची, चाचणी बँकेने करावी, त्याचा अहवाल तुमच्या सहीने जावा, अशी लेखी मागणी आत्ताच करा. करारावर सह्या झाल्या की मग कुणी ऐकत नाही.

अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट की गुगल? कुठला क्लाउड शिकू? (विक्रोळी)

ज्या कंपन्यांत अर्ज करायचाय त्यांच्या वीस जाहिराती वाचा, जे नाव जास्त दिसेल ते घ्या. तिघांचीही डेटा सेंटर्स मुंबईत आहेत. मायक्रोसॉफ्टचं 2015 पासून, अ‍ॅमेझॉनचं 2016 पासून, गुगलचं 2017 पासून. एक नीट आलं की दुसरं काही आठवड्यांत पकडता येतं. तिन्ही थोडंथोडं शिकलेला उमेदवार मात्र माझ्यासमोर लगेच उघडा पडतो.

मुलगी लहान म्हणून सहा वर्षं घरी होते. आधी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. आता ठाण्यातून परत सुरुवात करायची आहे, पण रात्रीची ड्युटी जमणार नाही. क्लाउडमध्ये माझ्यासाठी काही आहे का?

आहे. हे उत्तर मी आमच्या बिलं तपासणाऱ्या सहकाऱ्याला विचारून लिहिते आहे, कारण तुमच्यासाठी त्याचं काम मला सगळ्यात जवळचं वाटलं. याला फिनऑप्स म्हणतात. कंपनीला क्लाउडचं जे बिल येतं त्यातली प्रत्येक ओळ कुणाची, कशासाठी आणि लागते का, हे शोधायचं. काम दिवसा चालतं.

त्याने सांगितलेलं उदाहरण असं. आठवड्याचे तास 168. टेस्टिंगची टीम त्यातले पन्नास तास काम करते. उरलेले 118 तास टेस्टिंगची मशीनं रिकामी चालत असतात आणि त्याचं बिल चढत राहतं. ती रात्री आणि शनिवार-रविवार बंद ठेवायची, एवढं एक कलम लावलं तरी मोठा फरक पडतो. पण ती बंद करायला कुणी धजत नाही, कारण कुठलं मशीन कुणाचं याचा पत्ताच नसतो. टेस्टिंग केलेल्या माणसाला हे बरोबर कळतं. चिकाटीने विचारत राहणं ही तुमच्या जुन्या कामाचीच सवय आहे. एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करा, एका क्लाउडचं सुरुवातीचं सर्टिफिकेशन घ्या. (बदलापूरच्या मुलाला नको म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणते आहे, कारण तुमचा बायोडेटा अजून चाळणीतच अडणार आहे.)

सहा वर्षांच्या खंडाबद्दल बायोडेटात एक सरळ ओळ लिहा: मुलीच्या संगोपनासाठी. क्षमा मागितल्यासारखं लिहू नका. आणि रात्रीची ड्युटी आहे का हे पहिल्याच फेरीत विचारा. ते विचारल्यामुळे मी आजवर कुणाला नाकारलेलं नाही. न विचारता रुजू होऊन तिसऱ्या महिन्यात रडत गेलेल्या दोघी मात्र पाहिल्या आहेत.

बाई, मी लालबागला राहते. सासरे गिरणीत होते, 1982 च्या संपात घरी बसले ते बसलेच. मुलगा क्लाउडच्या कंपनीत आहे, पगार चांगला. पण रात्री दोनला फोन वाजतो, तो उठून लॅपटॉप उघडतो, पहाटेपर्यंत बसतो. रातपाळी नाही म्हणतो. मग हे काय आहे? त्याला ही नोकरी सोडायला सांगू का?

मावशी, याला ऑन-कॉल म्हणतात. तुमच्या सासऱ्यांना भोंगा व्हायचा, पाळी ठरलेली असायची आणि पाळी संपली की दुसरा माणूस साच्यावर उभा राहायचा. तुमच्या मुलाचा भोंगा त्याच्या उशाशी आहे आणि कधी वाजेल ते त्यालाही माहीत नाही. कंपन्या ग्राहकांना शब्द देतात, सेवा 99.99 टक्के वेळ चालू राहील. महिन्याचा हिशोब केला तर बंद राहायला जेमतेम सव्वाचार मिनिटं उरतात. म्हणून तो फोन वाजला की चूळ भरायलाही थांबत नाही.

काम वाईट नाही, त्याचा अभिमान बाळगा. बिघाडाच्या त्या वेळी कुणाचे पैसे अडकलेले असतात, कुणाचं तिकीट, कुणाच्या औषधाची ऑर्डर. पण काळजी करण्यासारखं काही आहे का हे कळायला त्याला, तो निवांत असेल तेव्हा, तीन गोष्टी विचारा. ही पाळी किती जणांत वाटलेली आहे? पाच-सहा जण असतील तर त्याची पाळी महिन्यातून एखादाच आठवडा यायला हवी. आठवड्यात रात्री किती वेळा उठवलं? आणि ज्या बिघाडाने उठवलं तो दुसऱ्या दिवशी मुळापासून दुरुस्त केला का? एकच बिघाड त्याला रोज रात्री उठवत असेल, तर दोष त्याच्या झोपेचा नाही, टीमच्या शिस्तीचा आहे. तेव्हा त्याने वरिष्ठांशी बोलावं, आकडे लिहून न्यावेत: अमुक आठवड्यात इतक्या वेळा, इतके तास. मी असा कागद घेऊन आलेल्या मुलाचं म्हणणं ऐकून आमच्या टीमची पाळी तीन जणांवरून सहा जणांवर नेली आहे. कागद घेऊन गेल्यावरही दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही, तर नोकरी बदलायला सांगा, आणि त्याला तुमचा पाठिंबा आहे हेही सांगा.

तोवर घरात एवढं करा. रात्री तो उठला तर दिवा लावून “काय झालं” असं विचारू नका. त्या वेळी तो चार जणांशी एकाच वेळी बोलत असतो. पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा टेबलावर ठेवून झोपा. आणि ज्या सकाळी तो पहाटेपर्यंत जागलेला असेल, त्या सकाळी कुकरची शिट्टी त्याच्या खोलीचं दार लावून होऊ द्या आणि दहापर्यंत त्याला उठवू नका.