"धंदा आमच्या रक्तातच नाही हो मॅडम"

हे वाक्य मी माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस ते कधी बोलणार याचा अंदाज यायला लागलाय. साधारण दुसऱ्या सेशनला येतं, खुर्चीत मागे टेकून, सुस्कारा टाकून. ही बाई मात्र पहिल्या दहा मिनिटांतच बोलून मोकळी झाली. (ओळख पटू नये म्हणून बरंच बदललंय आणि दोन-तीन जणींचे अनुभव यात मिसळलेत, तेव्हा कोणी शोधायला जाऊ नका.)

वय ३६, एकाच कंपनीत ११ वर्षं अकाउंट्सला. छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब लिहून द्यायचे, त्यांची बिलं, येणी-देणी सांभाळायची असं स्वतःचं काम सुरू करायचं चार वर्षांपासून डोक्यात. आणि चार वर्षांत झालं काय, तर एक एक्सेल शीट. तिने लॅपटॉप उघडून दाखवली. पाच वर्षांचा अंदाज, महिन्यावार, तीन रंगांत, ऑफिस कितव्या महिन्यात घ्यायचं, पहिला माणूस कधी ठेवायचा, त्याचा पगार दरवर्षी किती वाढवायचा, सगळं. मी म्हटलं, झकास आहे, यातला पहिला कस्टमर कोण? ती शीटकडेच बघत बसली. चार वर्षांत एकाही माणसाला "तुमचे हिशोब मी बघू का" असं तिने विचारलेलं नव्हतं.

मागची गोष्ट अशी की वडिलांचा धंदा बुडाला तेव्हा ती नववीत होती. तेव्हापासून घरात एकच पालुपद, आपल्याला धंदा लाभत नाही. आई आजही म्हणते पहिल्या तारखेला पगार येतोय ना, मग नसत्या उठाठेवी कशाला. आणि नोकरीत तरी जीव रमतोय का, तर तोही नाही, सांगितलं तेवढं करायचं आणि सहा वाजले की बॅग उचलायची. तिचा मला प्रश्न होता, एकदाचा राजीनामा टाकून देऊ का? म्हणजे मागचे दोर कापले की आपोआप करावंच लागेल.

दोर कापायची ही भाषा ऐकली की मी जरा सावध होते. सोडा किंवा सोडू नका यातलं मी काही बोलले नाही, टेबलावरचे रद्दी कागद चुरगाळून पाच बोळे केले, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं टाका, कुठूनही उभं राहून. ती हसली, उठली, डब्याच्या अगदी जवळ गेली आणि दोन बोळे जवळपास हातानेच आत ठेवले. मग काय वाटलं कोण जाणे, थेट दारापाशी जाऊन उरलेले तीन फेकले. एक फाइलींवर, एक माझ्या पाण्याच्या ग्लासाजवळ, तिसरा कुठे गेला ते संध्याकाळी झाडताना कळलं. मी विचारलं, मधे का नाही उभ्या राहिलात? ती पटकन म्हणाली, "मधून चुकलं तर वाईट दिसतं ना. दारातून कोणाचंच जात नाही, त्यामुळे काही वाटत नाही."

हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

हा खेळ माझ्या डोक्यातला नाही बरं का. डेव्हिड मॅक्लेलँड आणि जॉन अ‍ॅटकिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात आणि त्याच्या आसपास रिंग फेकण्याचे असे प्रयोग केले होते. स्वतःच्या कर्तबगारीवर काहीतरी करून दाखवायची ज्यांना ओढ असते ते बहुतेक वेळा मधलं अंतर निवडतात, जिथे नेम लागूही शकतो आणि चुकूही शकतो. आणि अ‍ॅटकिन्सनची मांडणी अशी की ज्यांना अपयशाची भीती जास्त ते एकतर अगदी सोपं पकडतात किंवा अगदी अशक्य, कारण दोन्हीकडे आपली खरी परीक्षा होतच नाही. उद्योजक म्हणजे डोळे मिटून उडी मारणारा, हे चित्र कुठून आलं माहीत नाही, पण त्या चित्रामुळे माझ्याकडे येणारे निम्मे लोक स्वतःला उगाच भित्रे समजत असतात.

तर तिची नोकरी म्हणजे डब्याशेजारची जागा, आणि ती शीट आणि तो राजीनामा म्हणजे दार. मधे होतं एका माणसाला फोन करणं, ते चार वर्षं राहिलं होतं.

राहिला रक्ताचा मुद्दा. याच मॅक्लेलँडने १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, ध्येय कसं ठरवायचं, मधली जोखीम कशी ओळखायची, कामाकडे कसं बघायचं वगैरे. नंतर तपासलं तर प्रशिक्षण घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा नवीन काम सुरू करण्यात, धंदा वाढवण्यात जास्त हालचाल करताना दिसले. नुसतं रक्तात असतं तर थोड्या दिवसांच्या क्लासने काय फरक पडला असता?

पण हे सांगून तिला फारसं पटलं नाही, असले प्रयोग ऐकून कोणाला पटतं. पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. बोलता बोलता ती म्हणाली की त्यांच्याकडे वसुलीचे फोन कोणी करायचे यावरून दर महिन्याला भांडणं व्हायची, मग तिने एक यादी बनवली, ४५ दिवसांच्या वरची येणी वर, प्रत्येकापुढे कोण फोन करणार ते नाव, शेवटचं बोलणं काय झालं त्याचा एक रकाना. भांडणं थांबली. आता दोन वर्षं सगळं डिपार्टमेंट तीच यादी वापरतंय. मी विचारलं कोणी सांगितलं होतं बनवायला? कोणी नाही, ते काय, जाता जाता केलं. अहो, अडचण दिसली, कोणी न सांगता तोडगा काढला, लोक तो वापरायला लागले, अजून वेगळं काय असतं! ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पण त्याचे पैसे कुठे मिळाले?" हेही बरोबरच होतं म्हणा.

मग आम्ही ती पाच वर्षांची शीट बंद केली. सरस सरस्वती या अभ्यासक बाईंनी अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात ते बारकाईने तपासलं, २००१ मध्ये त्यांचा यावरचा गाजलेला लेख आला. त्यातली एक गोष्ट मला कायम उपयोगी पडते, की हे लोक फायदा किती होईल यापेक्षा किती गेलं तर आपल्याला चालेल ते आधी बघतात. तिला तेच लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, शनिवारचे सहा तास, तीन महिने, बचतीतली एक ठरावीक रक्कम, त्याच्यावर एक पैसा नाही. आणि खाली स्वतःहून, "दोन-तीन लोक नाही म्हणतील ती लाज". हा खर्च शीटमध्ये नव्हता.

नोकरी सोडायची नाही असं ठरलं, निदान सध्या. रॅफी आणि फेंग यांचा २०१४ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, त्यात नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेल्या आणि मग पूर्णवेळ उतरलेल्या लोकांचा धंदा बंद पडायची शक्यता, एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाली. अर्थात तिला आधी अपॉइंटमेंट लेटर काढून बाहेरचं काम चालतं का ते बघायला लावलं, हे फार जण विसरतात आणि नंतर अडकतात. तिच्या लेटरमध्ये लेखी परवानगी घ्या असं होतं, तिने घेतली, साहेबांनी दोन ओळींत दिली. त्यासाठी तिने आठवडाभर झोप घालवली होती.

पुढचं घोडं अडलं पैशावर. एका ओळखीच्या माणसाचं काम मिळालं आणि ही महिनाभर फुकट करत बसली, ओळखीत कसं मागायचं म्हणून. मग एक अख्खं सेशन आम्ही नुसता आकडा बोलायची प्रॅक्टिस केली. मी कस्टमर. ती आकडा सांगायची आणि श्वास न घेता पुढे, "पण तुम्हाला जास्त वाटत असेल तर..." मी म्हटलं, पहिलं वाक्य बोला आणि थांबा, दुसरं वाक्य माझं आहे, ते मला बोलू द्या. पुढच्या वेळी थांबली. आठ-दहा सेकंद असतील, तेवढ्यात पेनाचं टोपण चारदा काढलं आणि लावलं. मी मुद्दामच गप्प बसले होते, मलाही सोपं गेलं नाही ते.

सहा-सात महिन्यांनी आली तेव्हा तीन कस्टमर झाले होते, म्हणजे झाले होते चार, एक सोडून गेला, आणि उरलेल्यांपैकी एकाने दोन महिन्यांचे पैसे थकवलेत. त्याला पाठवलेला मेसेज तिने दाखवला, आधीचे जमा झाले की पुढचं काम सुरू करते, एवढंच, ना सॉरी ना हात जोडलेली इमोजी. नोकरी अजून आहे. आई अजून तेच म्हणते.

निघताना फी दिली, मी पावती फाडून दिली तर ती तिथेच उभी राहून पावतीपुस्तक चाळायला लागली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे पावतीचे नंबर सलग नाहीयेत. मधल्या चार गायब आहेत. मी बघू का तुमचे हिशोब? महिन्याला एवढे घेते." आकडा सांगितला आणि गप्प उभी राहिली.

मला नाही म्हणावं लागलं. क्लायंटबरोबर असा व्यवहार आमच्या व्यवसायात करत नाहीत, ते तिला समजावलं. ती म्हणाली, "बरं, काही हरकत नाही," आणि पुढच्या महिन्याची वेळ घेऊन गेली. त्या चार पावत्या मी अजून शोधतेय.